हिस्टरी म्हणजे 'हिज स्टोरी'?

इंग्रजीत शब्दांवर कोट्या करायचा एक जुना खेळ आहे. नेहमीचा शब्द घ्यायचा, कानाला ऐकू येईल तसा तोडायचा आणि नवा अर्थ लावायचा. 'पॅराडॉक्स' म्हणजे? 'पेअर ओ डॉक्स', दोन डॉक्टर! बीबीसी रेडिओच्या 'आय एम सॉरी आय हॅवन्ट अ क्लू' या कार्यक्रमात असे अर्थ लावण्याची खास फेरीच असते.

हसून झालं? आता जरा अभ्यासाचं बघू. शब्द भलत्या जागी तुटणं भाषेत खरोखर घडतं. त्याला पुनर्विश्लेषण म्हणतात. 'हॅम्बर्गर' हा शब्द हॅम्बर्ग या जर्मन शहराच्या नावावरून आला. लोकांनी तो 'हॅम' आणि 'बर्गर' असा तोडला, म्हणून आज आपण 'व्हेज बर्गर' मागवतो. 'अ नेप्रन'मधला 'न' मागच्या शब्दाला चिकटला आणि झालं 'अ‍ॅन एप्रन'.

पण कोटी आणि व्युत्पत्ती यांची गल्लत करू नका. 'हिस्टरी म्हणजे हिज स्टोरी' हे टीका म्हणून चपखल आहे. मूळ शब्द मात्र ग्रीक 'हिस्टोरिया', अर्थ चौकशी, शोध. इंग्रजी 'हिज'शी त्याचं काही नातं नाही. इतिहासलेखनातून स्त्रिया वगळल्या गेल्या, हा तुमचा मुद्दा भक्कम असेल. पण पुरावा म्हणून ही कोटी दिलीत तर परीक्षक तिथेच अडवतील आणि चांगला मुद्दा वाया जाईल.

तेव्हा प्रबंधात एखादा शब्द फोडण्याआधी दोन गोष्टी तपासा: जुन्या नोंदींत तो कसा लिहिलाय, आणि कुठल्या भाषेतून आलाय.