प्रवासाच्या पॉइंटांची वही

जमाखर्च लिहिण्याची चाल ज्या घरांत टिकून आहे, तेथे वाण्याचे बिल, दुधाचा रतीब, विम्याचा हप्ता आणि बँकेतील मुदतठेव यांची नोंद बिनचूक सापडते. परंतु त्याच घरातील माणसांना विमानप्रवासाबद्दल आणि हॉटेलांतील मुक्कामाबद्दल जे पॉइंट मिळालेले असतात, त्यांची नोंद बहुधा कोठेच नसते. मुलगा नोकरीनिमित्त महिन्यातून दोनदा बंगळूरला जातो, लेक सिंगापुरास असते, आईवडील वर्षा-दोन वर्षांनी तिच्याकडे जाऊन येतात. अशा घरात चार माणसांची मिळून आठ-दहा खाती सहज होतात. कोणत्या खात्यात किती शिल्लक आहे, हे कोणास नीटसे सांगता येत नाही. आणि ती शिल्लक कधी संपणार, हे तर त्याहूनही थोड्यांस ठाऊक असते.

ही पद्धत अमेरिकेत रूढ झाली. नेहमीच्या उतारूने दुसऱ्या कंपनीकडे वळू नये, या हेतूने अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी आपली ॲडव्हांटेज नावाची योजना सुरू केली. त्याच महिन्यात युनायटेड एअरलाइन्सनेही आपली योजना काढली. पुढे हॉटेले, बँकांची क्रेडिट कार्डे आणि भाड्याने मोटारी देणाऱ्या कंपन्या यांनी तोच मार्ग धरला. प्रवास करावा, पॉइंट साठवावेत आणि त्यांच्या मोबदल्यात फुकट तिकीट किंवा खोली घ्यावी, असे या योजनांचे साधे स्वरूप आहे.

येथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही की, पॉइंट म्हणजे पैसा नव्हे. बँकेतील ठेव ठेवीदाराच्या मालकीची असते. पॉइंट हे कंपनीने आपल्या अटींवर दिलेले एक अभिवचन असते. त्या अटी बदलण्याचा अधिकार कंपनी स्वतःकडे राखून ठेवते. आज जे तिकीट आठ हजार पॉइंटांस मिळते, ते उद्या दहा हजारांस मिळेल. त्याविरुद्ध सभासदाचे फारसे काही चालत नाही.

कंपनीचेच काही बरेवाईट झाले, तर पॉइंटांचे काय होते, याची तीन निरनिराळी उदाहरणे आपल्याच देशात घडली आहेत. किंगफिशर एअरलाइन्सची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये बंद पडली आणि तिच्या सभासदांची शिल्लक निरुपयोगी झाली. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. परंतु तिची सभासद-योजना एका स्वतंत्र कंपनीकडे असल्यामुळे ती त्याच वर्षी इंटरमाइल्स या नव्या नावाने पुढे चालली. विस्तारा ही कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेकडे वर्ग झाले. त्या योजनेचेही नाव पुढे बदलून महाराजा क्लब असे झाले. म्हणजे एका प्रसंगी सभासदाचे सर्व गेले, दुसऱ्यात नाव बदलले आणि तिसऱ्यात खातेच दुसऱ्या घरी गेले. ज्याच्याजवळ नोंद होती, त्यालाच आपले काय झाले हे तपासून पाहता आले.

दुसरी गोष्ट मुदतीची. मुदतीचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात. काही योजनांत पॉइंट मिळाल्या दिवसापासून ठराविक काळाने संपतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या योजनेत ही मुदत तीन वर्षांची आहे; जून २०२४ मध्ये मिळालेले माइल जून २०२७ अखेर संपणार, मग मध्यंतरी कितीही प्रवास होवो. दुसऱ्या प्रकारात खाते निजले तरच पॉइंट जातात. मॅरियट हॉटेलांच्या योजनेत चोवीस महिने काहीच हालचाल झाली नाही, तर शिल्लक रद्द होते. मात्र त्या अवधीत एखादा लहानसा मुक्काम घडला, तरी सर्व शिल्लक जिवंत राहते. तिसऱ्या प्रकारात, जसे अमेरिकेतील डेल्टा कंपनीत, मुदतच नसते. या तिन्हींस एकाच मापाने मोजणे, हीच बहुतेक घरांतील चूक होय.

म्हणून वहीत शिल्लकेच्या आकड्यापेक्षा तारखेच्या रकान्याला अधिक मान द्यावा. वहीचे एक पान एका माणसास द्यावे आणि त्यावर सात रकाने आखावेत: योजनेचे नाव, सभासद क्रमांक, खात्यावर नोंदलेले नाव, त्यास जोडलेला मोबाईल व ईमेल, शिल्लक, मुदतीचा प्रकार आणि पुढची अखेरची तारीख. नावाचा रकाना क्षुल्लक वाटेल, परंतु तिकिटावर एक नाव आणि खात्यावर दुसरे असले, तर पॉइंट जमा होत नाहीत. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांस आणि वडिलांचे नाव मध्ये लिहिणाऱ्या मराठी मंडळींस हा अनुभव वारंवार येतो. पॉइंट जमा झालेले दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नये. राहिलेले पॉइंट मागण्यास काही महिन्यांचीच सवड असते.

वहीची तपासणी वर्षातून चार वेळा केली तरी पुरे. संक्रांत, गुढीपाडवा, आषाढी एकादशी आणि दसरा हे दिवस साधारण तीन-तीन महिन्यांच्या अंतराने येतात आणि विसरलेही जात नाहीत.

खाती जितकी थोडी, तितकी वही सोपी. एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या संघात सामील झाली. सिंगापूर एअरलाइन्सही त्याच संघात आहे. यामुळे एकीच्या प्रवासाचे पॉइंट बहुतेक तिकिटांवर दुसरीच्या खात्यात घेता येतात. वर सांगितलेल्या कुटुंबाने तीन ठिकाणी थोडेथोडे विखुरण्यापेक्षा एकाच ठिकाणी साठविले, तर तिकिटाइतकी रक्कम लवकर जमेल.

पॉइंटांची किंमत काढण्याची रीतही सोपी आहे. समजा, एक तिकीट रोख सहा हजार रुपयांस आहे आणि तेच आठ हजार पॉइंट व बाराशे रुपये कर देऊन मिळते. वाचले अठ्ठेचाळीसशे रुपये. म्हणजे एका पॉइंटाचे मोल साठ पैसे. हा हिशेब ज्याने एकदा केला, तो केवळ पॉइंटांच्या लोभाने महागडे तिकीट घेणार नाही.

पासवर्ड मात्र या वहीत कधीही लिहू नयेत. पॉइंटांचीही चोरी होते. स्टारवुड हॉटेलांच्या आरक्षणाची माहिती चोरांच्या हाती गेल्याचे मॅरियटने नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केले, तेव्हा कोट्यवधी पाहुण्यांस त्याची झळ लागली. प्रत्येक खात्यास निराळा पासवर्ड असावा. आणि "आपले पॉइंट आज रात्री संपत आहेत, ओटीपी सांगा" असा फोन आल्यास वही उघडून तारीख पाहावी. ज्याच्याजवळ तारीख लिहिलेली आहे, तो असल्या धाकास बळी पडत नाही.

शेवटी एक नाजूक बाब. पुष्कळ घरांत ही सर्व माहिती एकाच माणसाच्या डोक्यात आणि एकाच मोबाईलमध्ये असते. तो माणूस गेला, की महिन्या-दोन महिन्यांत घरची मंडळी त्याचा मोबाईल क्रमांक बंद करतात. त्याबरोबर खात्याचा ओटीपी येण्याची वाटही बंद होते. पुष्कळ योजनांच्या नियमांप्रमाणे सभासदाच्या मृत्यूबरोबर पॉइंट संपतात. काही योजना मात्र कागदपत्रे पाहून ते वारसास देतात. परंतु खाते होते, हेच ठाऊक नसेल, तर मागणार कोण? यास्तव ही वही कोठे आहे, हे घरातील दुसऱ्या एका माणसास ठाऊक असावे. आणि याहून बरा उपाय म्हणजे, तिकिटापुरते पॉइंट साठले की ते वापरून टाकावेत. लेकीला भेटावयास जाण्याची गोष्ट पुढल्या वर्षावर ढकलून वाढविलेली शिल्लक काय कामाची?