शिक्षकाला कामावरून काढणं : निकालपत्रातून आपण नेमकं काय मोजतो?



शिक्षणशास्त्रात संशोधन करू इच्छिणाऱ्यांचा एक आवडता विषय म्हणजे 'शिक्षकांचे मूल्यमापन'. प्रश्नावली तयार असते, नमुना म्हणून गिरगाव, दादर, परळच्या दहा शाळाही ठरलेल्या असतात. अशा वेळी माझा एकच प्रश्न असतो : या मूल्यमापनामुळे एखाद्याची नोकरी गेली, तर ते मूल्यमापन न्यायाधिकरणात टिकेल का? हा प्रश्न विचारला की विषय एकदम जमिनीवर येतो. एका बाजूला माणसाची भाकरी असते आणि दुसऱ्या बाजूला पन्नास-साठ मुलांचं वर्ष.

आधी कायदा कोणता ते बघा

समजा, लालबागच्या एका रस्त्यावर महापालिकेची शाळा आहे आणि तिच्यासमोर एका जुन्या शिक्षणसंस्थेची अनुदानित शाळा आहे. मुलं त्याच चाळींतली, अभ्यासक्रमही तोच. पण शिक्षकाच्या नोकरीचे नियम वेगळे. महापालिकेच्या शिक्षकाला महापालिकेचे सेवानियम लागू होतात. समोरच्या शाळेला 'महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७' आणि त्याखालची १९८१ ची नियमावली लागते.

इथे 'खाजगी' म्हणजे भरमसाठ फी घेणारी शाळा असं समजू नका. सरकार किंवा स्थानिक संस्था सोडून इतर कुणीही चालवलेली मान्यताप्राप्त शाळा, मग ती अनुदानित असो वा विनाअनुदानित, या व्याख्येत येते. दहा शाळांचा नमुना घेताना हे दोन गट एकत्र केलेत तर तुमचं कोष्टक पहिल्याच दिवशी बिघडलं म्हणून समजा.

हा कायदा का आला? सरकारी नोकराला संविधानाच्या कलम ३११ चं संरक्षण आहे, संस्थेच्या शाळेतल्या शिक्षकाला ते नाही. माध्यमिक शाळा संहिता होती, पण तिला कायद्याचं बळ नव्हतं. १९७७ च्या कायद्याने सांगितलं की या कायद्याप्रमाणे आणि नियमांप्रमाणेच निलंबन, बडतर्फी किंवा सेवासमाप्ती करता येईल, एरवी नाही. दाद मागायला शाळा न्यायाधिकरण दिलं. आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत तिथे अपील करता येतं.

शेरा लिहिलाच नाही तर?

आता मूल्यमापनाकडे येऊ. नियम १५ प्रत्येक संशोधकाने नीट वाचावा असा आहे. मुख्याध्यापकांनी शिक्षकाचा गोपनीय अहवाल दरवर्षी लिहायचा. त्यात प्रतिकूल शेरा असेल तर तो ठरलेल्या मुदतीत शिक्षकाला लेखी कळवायचा. आणि अहवालच लिहिला नाही, किंवा शेरा कळवला नाही, तर? तर त्या वर्षी त्या शिक्षकाचं काम समाधानकारक होतं असं धरलं जातं.

थांबा आणि याचा अर्थ बघा. परळच्या एखाद्या शाळेत एक सर पाच वर्षं वर्गात नीट शिकवत नाहीत. सगळ्या स्टाफरूमला माहीत आहे, पालकांनाही माहीत आहे. पण मुख्याध्यापकांनी 'कशाला वाईटपणा घ्या' म्हणून शेरा लिहिला नाही. सहाव्या वर्षी संस्थेला अचानक जाग येते. कागदावर मात्र ती पाचही वर्षं समाधानकारक! उलटही घडू शकतं. चांगलं शिकवणाऱ्या बाई संस्थाचालकांना नकोशा झाल्या, म्हणून त्यांचं काम एकदम 'असमाधानकारक' ठरवलं जातं. मग मागच्या वर्षांचे स्वच्छ अहवालच त्यांची ढाल होतात. नियम एकच, तो दोघांनाही लागतो.

परिविक्षेतला शिक्षक

कायम रिकाम्या पदावर नेमलेल्या शिक्षकाची परिविक्षा दोन वर्षांची असते, शिक्षणसेवकासाठी ती तीन वर्षांची आहे. या काळात काम किंवा वर्तन समाधानकारक नसेल तर कलम ५(३) खाली एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन सेवा संपवता येते. वाचताना वाटतं, हे तर सोपं आहे.

पण नियम १५(६) म्हणतो की परिविक्षेतल्या कामाचं मुख्याध्यापकांनी वस्तुनिष्ठ मूल्यमापन करायचं आणि त्याची नोंद ठेवायची. प्रोग्रेसिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने या दोन तरतुदी एकत्र वाचल्या. नियम कायद्याच्या वर जाऊ शकत नाही, हे खरं. तरी कलम ५(३) चा अधिकार वापरताना संस्थेने ही नोंद विचारात घ्यायलाच हवी. 'आमचं मत झालं' एवढं पुरत नाही, मत कशावरून झालं ते दाखवावं लागतं.

कायम शिक्षक : चार कारणं, तीन माणसं

कायम शिक्षकाला शिक्षा करण्यासाठी नियम २८ मध्ये चार कारणं दिली आहेत : गैरवर्तन, नैतिक अधःपतन, कर्तव्यात जाणूनबुजून आणि सतत केलेली हयगय, आणि अकार्यक्षमता. आपल्या विषयाला चौथं सगळ्यात जवळचं. वारंवार सूचना आणि सोयी देऊनही शैक्षणिक प्रगती न राखणं, किंवा आपल्या हातातल्या कारणांमुळे मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण न करणं, हे अकार्यक्षमतेत येतं. 'सूचना' आणि 'सोयी' हे शब्द अधोरेखित करा. आधी मदत केली होती का, हा प्रश्न कायद्यातच आहे.

सेवासमाप्तीसारखी मोठी शिक्षा द्यायची तर चौकशी समिती लागते : एक सदस्य संस्थेचा, एक शिक्षकाने सुचवलेला, आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतून. चौकशी साधारण १२० दिवसांत संपवायची असते.

यात संस्थेने घाई केली तर काय होतं, ते औरंगाबादच्या क्रांती ज्युनिअर अध्यापक महाविद्यालयाच्या २०१३ च्या निकालात बघा. न्यायाधिकरणाने शिक्षिकेची सेवासमाप्ती रद्द केली होती. उच्च न्यायालयाने थकीत पगार नाकारला, सर्वोच्च न्यायालयाने तो परत मिळवून दिला. चुकीने काढलं असेल तर मागच्या पगारासह पुन्हा नेमणूक हा सर्वसाधारण नियम, असं न्यायालयाने म्हटलं.

मग संशोधक म्हणून काय करायचं?

पहिली गोष्ट : निकालपत्र शिक्षकाचा दर्जा मोजत नाही. 'न्यायाधिकरणाने परत घेतलं' याचा अर्थ 'शिक्षक चांगला होता' असा लावू नका. बऱ्याचदा अर्थ इतकाच असतो की प्रक्रिया पाळली नव्हती.

दुसरी : जे न्यायाधिकरणापर्यंत पोचले तेच तुम्हाला दिसतात. गुपचूप राजीनामा देणारे दिसत नाहीत. कलम ७ म्हणतं, राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि दुसरी स्वतःकडे ठेवायची. इतका काटेकोरपणा कशासाठी असेल, याचा विचार करा. तुमचा पुढचा संशोधनप्रश्न कदाचित तिथेच सापडेल.

तिसरी : 'अतिरिक्त' आणि 'अकार्यक्षम' यांची गल्लत नको. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद होत गेल्या, कुटुंबं उपनगरांत गेली, मराठी शाळांचे वर्ग आटले. पटसंख्या घटली म्हणून पद जातं तेव्हा त्याला नियम २६ लागतो, तीन महिन्यांची नोटीस लागते. त्यात शिक्षकाच्या कामावर काहीच ठपका नसतो. मुलाखतीत मात्र दोघंही 'मला काढलं' एवढंच म्हणतील.

चौथी : गोपनीय अहवाल माहिती अधिकारात सहज मिळतील असं धरू नका. कर्मचाऱ्याची सेवाविषयक कागदपत्रं ही वैयक्तिक माहिती असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलं आहे. संबंधित शिक्षकाची लेखी संमती घ्या, किंवा नावं वगळून एकत्रित आकडे मागा. उच्च न्यायालयाचे निकाल तर संकेतस्थळावर खुले आहेत, सुरुवात तिथून करा.

प्रश्नावली छापण्याआधी एक काम करा. असे पाच निकाल वाचा आणि प्रत्येकासमोर तीन रकाने आखा : शेरा होता का, तो कळवला होता का, सुधारायला संधी दिली होती का. शिक्षकांचं मूल्यमापन आपल्याकडे खरोखर होतं की नुसतं भांडणाच्या वेळी आठवतं, याचा पहिला अंदाज या तीन रकान्यांतून येईल.