कायदा घडत असताना काळजीवाहकाने बोलावे

स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना रात्रीअपरात्री बाहेर पडण्यापासून कसे आवरावे, औषध नाकारणाऱ्या भावाच्या उपचारांचा निर्णय कोणी घ्यावा, रुग्णालयात कोणाच्या सहीने दाखल करावे, हे प्रश्न घराघरांत सोसले जातात. त्यांची उत्तरे मात्र पुष्कळदा कायद्याच्या कलमांत ठरतात, आणि ती कलमे लिहिली जात असताना ही घरे बहुधा गप्प असतात. हे मौन मोडता येते. त्यासाठी वकील असावे लागत नाही.

आपल्या राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हे विषय राज्यसूचीत ठेवले आहेत, तर मानसिक आजारासंबंधीचा विषय समवर्ती सूचीत आहे. म्हणजे केंद्राने अधिनियम केला तरी त्याची अंमलबजावणी आणि अनेक नियम राज्याच्या हाती राहतात. आपल्या सूचनेला वाव असतो तो येथेच.

याचे चांगले उदाहरण मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हे होय. १९८७च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या या अधिनियमाच्या मसुद्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतील अभ्यासकांचा मोठा वाटा होता. विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, संसदीय स्थायी समितीकडे गेले, २०१७ मध्ये संमत झाले आणि २९ मे २०१८ पासून अमलात आले. या काळात दोन आर्त मागण्या समोर होत्या. आजारातून गेलेली माणसे म्हणत होती, आम्हांला आमच्या इच्छेविरुद्ध कोंडू नका. नातलग म्हणत होते, संकटाच्या क्षणी आम्हांला एकटे सोडू नका. दोन्ही मागण्या खऱ्या होत्या. कलम ८९ मध्ये त्यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न दिसतो. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, त्याला जास्तीत जास्त ३० दिवस दाखल करता येते. मात्र त्याची खबर पुनर्विलोकन मंडळाला द्यावी लागते.

ज्येष्ठांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. या अधिनियमातील मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार व मनःस्थिती यांबरोबर स्मृतीचाही उल्लेख आहे. त्यामुळे निर्णयशक्ती हिरावून घेणारा स्मृतिभ्रंशही त्याच्या कक्षेत येतो. शिवाय राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर काळजीवाहकांचे दोन प्रतिनिधी असावेत, अशी तरतूद आहे. शुश्रूषा करणाऱ्याचा अनुभव कायद्याने अशा रीतीने ग्राह्य धरला आहे.

आता प्रत्यक्ष मार्ग पाहू. राज्य शासनाच्या नियमांचे मसुदे पुष्कळदा राजपत्रात प्रसिद्ध होतात आणि त्यांवर ठरावीक मुदतीत ‘हरकती व सूचना’ मागविल्या जातात. केंद्राच्या २०१४ सालच्या धोरणानुसार विधेयकांचे मसुदे किमान ३० दिवस जनतेसमोर ठेवणे अपेक्षित आहे. विधेयक विधिमंडळाच्या समितीकडे गेल्यास समितीही सूचना मागवू शकते. यांपैकी काहीच न घडले, तर आपल्या आमदारांना पत्र लिहिण्याचा मार्ग खुला राहतोच.

पत्र कसे लिहावे? ‘ज्येष्ठांचे हाल होतात, शासनाने लक्ष घालावे’ या वाक्याने अधिकाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी नियमाचा क्रमांक द्यावा, अडचण सांगावी आणि हवा तो बदल सुचवावा. उदाहरणार्थ : ‘दाखल करताना दिले जाणारे हक्कांचे माहितीपत्रक मराठीत व मोठ्या अक्षरांत असावे, असे या नियमात नमूद करावे. माझ्या ऐंशी वर्षांच्या आईला बारीक छपाई वाचता येत नाही. आणि न वाचता केलेली सही ही तिची संमती ठरत नाही.’ एवढे पुरे. पत्र मुदतीपूर्वी पाठवावे आणि पोच जपून ठेवावी. रुग्णाचे नाव व आजाराचा तपशील मात्र लिहू नये. तो सांगण्याचा अधिकार त्याचा आहे.

प्रत्येक सूचना स्वीकारली जाते असे नाही. तथापि, दहा घरांतून एकच अडचण दहा प्रकारे कळविली गेली, तर मसुदा लिहिणाऱ्याला ती एका कुटुंबाची कुरकुर म्हणून बाजूला सारता येत नाही.

पत्र लिहिण्यापूर्वी एक काम घरातच करावे. ज्यांच्यासाठी आपण लिहिणार, त्यांना विचारावे : ‘उद्या तुम्हांला सांगता आले नाही, तर तुमच्या वतीने कोणी बोलावे?’ या अधिनियमानुसार साध्या कागदावर, सहीने किंवा अंगठ्याने, असा प्रतिनिधी नेमता येतो. आठवण शाबूत आहे तोवरच हा प्रश्न विचारलेला बरा.