विश्लेषण : चाळीतली मांडणी टॉवरच्या भिंतीवर चढेना! तारेचा साधा स्टँड उपाय ठरेल?

काळाचौकी, लालबाग, परळच्या जुन्या खोल्यांमध्ये स्वयंपाकाच्या भिंतीवरची मांडणी ही घराची शान असते. पुनर्विकासात घर मोठे होते, पण मांडणी बहुधा जुन्याच घरात राहते आणि तिच्यावरची तांब्या-पितळेची भांडी माळ्यावर जातात किंवा मोडीत निघतात. त्यातली निवडक भांडी भिंतीला भोक न पाडता, कमी जागेत आणि न पडता मांडायची असतील तर काय करावे? नव्वद सेंटिमीटर तारेत हे काम होते. मात्र तार वाकवण्याआधी थोडे गणित करावे लागते.

मांडणी म्हणजे नेमके काय?

गिरणगावातल्या खोलीत जागेचा प्रत्येक इंच वापरात असे. बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. अनेक खासगी चाळींतल्या खोल्या याहूनही लहान. जमिनीवर माणसांनाच जागा अपुरी, त्यामुळे भांडी भिंतीवर गेली. ताटांसाठी उभे खण, वाट्या-पेल्यांसाठी कप्पे, खाली पळ्या-झारे अडकवायला आकडे आणि वर डब्यांची उतरंड, असे मांडणीचे रूप. सणाच्या आधी ती रिकामी करून, चिंचेने नाहीतर राखेने भांडी घासून पुन्हा लावणे हा घराघरातला मोठा कार्यक्रम. दार उघडले की समोर दिसते ती मांडणी, त्यामुळे ती साठवण होती तितकीच सजावटही.

भांडी ठेवण्याच्या साधनांसाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. पाण्याच्या हंड्या-कळशांसाठी घडवंची, गोल बुडाच्या भांड्याखाली चुंबळ, शंख किंवा ताट ठेवायला अडणी, तीन पायांची तिवई आणि मांजरापासून दूध-दही वाचवायला छताला टांगलेले शिंके. प्रत्येक साधन भांड्याच्या आकारावरून ठरलेले आहे. तारेचा स्टँड तयार करताना हाच नियम पाळायचा : आधी भांडे मोजायचे, मग स्टँड आखायचा.

आताच हा प्रश्न का?

वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील चाळींचेही काम सुरू आहे. काळाचौकीत अभ्युदयनगर ही म्हाडाची सुमारे ३३ एकरांवरची वसाहत पुनर्विकासाच्या वाटेवर आहे आणि तिथे तीन हजारांहून अधिक कुटुंबांचा प्रश्न आहे.

घर मोठे झाल्यावर भांडी मांडायला अडचण का यावी? पहिले कारण भिंत. चाळीच्या जाड भिंतीत लाकडी गुट्टी ठोकून स्क्रू बसवला की मांडणी वर्षानुवर्षे हलत नसे. नव्या इमारतींत काही भिंती सलग काँक्रीटच्या असतात. त्यांना हॅमर ड्रिलशिवाय भोक पडत नाही. काही भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यांत साधा प्लग जड वजनाला धरत नाही, ब्लॉकचा भुगा होऊन निसटतो. शिवाय विजेच्या तारा आणि पाण्याचे पाइप भिंतीच्या आत असतात. दुसरे कारण मधला काळ. इमारत उभी राहीपर्यंतची काही वर्षे संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात जातात आणि परक्या भिंतीला भोक पाडायची सोय नसते. तिसरे कारण स्वयंपाकघर. ओट्याखालच्या ट्रॉल्या आणि बंद कपाटे स्टीलच्या रोजच्या भांड्यांसाठी ठीक, पण परात, घंगाळ, समई त्यांत बसत नाही.

मग भांडे जाते कुठे?

बहुतेक वेळा मोडीत. तांबे-पितळ वजनावर विकले जाते आणि त्या वजनात भांड्यावर कोरलेल्या अक्षरांची किंमत शून्य असते. जुन्या भांड्याचा काठ पाहिला तर त्यावर नाव, गाव, कधी तिथी किंवा तारीख सापडते. लग्नात आहेर देणाऱ्याचे नाव, मुलीच्या माहेरचे आडनाव, बारशाचे साल. कोकणातून किंवा घाटावरून गिरणीत कामाला आलेल्या अनेक कुटुंबांकडे जुनी कागदपत्रे फारशी नाहीत. आजीचे माहेरचे आडनाव किंवा लग्नाचे साल कधी कधी फक्त परातीच्या काठावर उरलेले असते.

घरगुती वस्तूंचे मोल ओळखणारे एक मोठे उदाहरण पुण्यात आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, वज्र्या, स्वयंपाकाची भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने उभे राहिलेले हे संग्रहालय त्यांनी राज्य शासनाच्या स्वाधीन केले. आज त्या संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. काळाचौकीपासून जवळ, भायखळ्याच्या राणीबागेत १८७२ मध्ये खुले झालेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. तिथल्या मातीच्या छोट्या प्रतिकृतींतून जुन्या मुंबईतले लोक, त्यांचे धंदे आणि राहणी दिसते. संग्रहालयांची एक शिस्त घरीही उपयोगी पडते. आधार वस्तूला कमीत कमी ठिकाणी टेकावा, तो मऊ असावा, वस्तूला काही चिकटवू नये, भोक पाडू नये आणि आधार केव्हाही काढता यावा. तारेचा स्टँड या सगळ्या अटी पूर्ण करतो.

ताट पडते का?

वस्तूचे सगळे वजन एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते, तो गुरुत्वमध्य. या बिंदूतून खाली सोडलेला ओळंबा स्टँडच्या पायांच्या आत पडला तर वस्तू उभी राहते, बाहेर पडला तर कलंडते.

उदाहरण म्हणून ३० सेंटिमीटर व्यासाचे, दीड किलो वजनाचे, जवळपास सपाट पितळी ताट घेऊ. ते अगदी सरळ उभे केले तर दार आपटल्याच्या हादऱ्यानेही पुढे येऊ शकते. फार मागे, समजा ३० अंशांत, झुकवले तर जागा जास्त लागते आणि कोरीव काम नीट दिसत नाही. १५ अंशांचा कल मधला आणि सोयीचा. या कलात ताटाचा गुरुत्वमध्य त्याच्या खालच्या कडेपासून साधारण ४ सेंटिमीटर मागे आणि साडेचौदा सेंटिमीटर उंच असतो. ओळंबा ४ सेंटिमीटरवर पडतो, म्हणून मागचा पाय त्याच्या बराच मागे, कडेपासून १० सेंटिमीटरवर ठेवायचा. पुढचा पाय कडेच्या १ सेंटिमीटर पुढे. दोन्ही बाजूंच्या तारांत १० सेंटिमीटर अंतर. या मापांत स्टँड कोणत्याही दिशेला सुमारे १५ अंश कलला तरी पडत नाही.

मोठ्या-लहान ताटांसाठी सोपा हिशेब : मागचा पाय ताटाच्या व्यासाच्या एक तृतीयांश अंतरावर आणि मागचा टेकू व्यासाच्या दोन तृतीयांश उंचीवर. ताटाला खोल काठ असेल, परात असेल, तर काठाची खोली स्टँडच्या लांबीत मिळवावी.

तार किती जाड हवी?

घरगुती प्रयोग बहुतेक वेळा इथे फसतात. हाताने सहज वाकते म्हणून पातळ तार घेतली जाते आणि ताट ठेवल्यावर तीही तितक्याच सहज वाकते. तारेचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. जाडी दुप्पट केली की ताठपणा सोळा पट. उलट, तारेचा मोकळा भाग दुप्पट लांब केला की तीच तार आठ पट जास्त झुकते.

हार्डवेअरच्या दुकानात तार गेजवर मिळते आणि गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार पातळ. १४ गेज म्हणजे सुमारे २ मिलिमीटर, १० गेज म्हणजे ३.२५ मिलिमीटर. या दोन तारांच्या ताठपणात सात पट फरक आहे. वरच्या ताटाचा मागच्या टेकूवर येणारा रेटा वजनाच्या साधारण एक पंचमांश, म्हणजे ३०० ग्रॅमच्या आसपास असतो. १० गेजचा टेकू या रेट्याने अर्धा सेंटिमीटर झुकतो. १४ गेजचा तीन-चार सेंटिमीटर झुकतो आणि मऊ तार असेल तर परत येत नाही. म्हणून दीड किलोपर्यंतच्या ताटाला १० गेजची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली तार पुरते. स्टेनलेस स्टीलची तार गंजत नाही, पण या जाडीत ती हाताने वाकवणे कठीण. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात दोन्ही प्रकार पाहून घेता येतात.

स्टँड कसा वाकवायचा?

एकच सलग तार, जोड नाही, वेल्डिंग नाही. ९० सेंटिमीटर तार, पक्कड, शक्य असल्यास व्हाइस आणि कागदावर खऱ्या मापात काढलेली बाजूची आकृती एवढे साहित्य.

१. तारेच्या मध्यावर १० सेंटिमीटरचा आडवा भाग सोडून दोन्ही बाजू काटकोनात वाकवा. मोठी केसांची पिन दिसेल. हा आडवा भाग म्हणजे वरचा टेकू.

२. टेकूपासून २० सेंटिमीटरवर दोन्ही तारा एकाच दिशेला वाकवा. हा मागचा पाय. इथला आतला कोन काटकोनापेक्षा थोडा कमी, सुमारे ७५ अंश ठेवा, म्हणजे टेकू पुढे झुकेल.

३. तिथून ११ सेंटिमीटर पुढे येऊन तारा वर वळवा. ३ सेंटिमीटरची ही ओठाळी ताटाला पुढे घसरू देत नाही. उरलेली टोके गोल वळवून बंद करा, नाहीतर पुसताना हाताला लागतात.

तार सोडल्यावर थोडी मागे फिरते, म्हणून प्रत्येक कोन हवा त्यापेक्षा काही अंश जास्त वाकवावा आणि आकृतीवर ठेवून तपासावा. चुकलेला कोन पुन्हा पुन्हा उलटसुलट वाकवू नये. तार त्या जागी कडक होऊन तुटते. चारही कोपऱ्यांखाली साधारण १ सेंटिमीटर जाडीच्या रबरी चकत्या बसवाव्यात. गोल ताटाची कड दोन तारांच्या मध्ये जवळजवळ एक सेंटिमीटर खाली उतरते. चकत्या नसतील तर ती फळीला टेकते आणि ताट घरंगळू शकते. शिवाय चार पायांचा स्टँड उंचसखल फळीवर डुगडुगतो. रबर तो फरक भरून काढते. तिवईला ही अडचण नसते, कारण तीन पाय कोणत्याही जमिनीवर टेकतात. समई किंवा कळशीसाठी म्हणून तीन पायांवरचे तारेचे कडे चांगले. कडे भांड्याच्या पोटाच्या साधारण निम्म्या व्यासाचे असावे.

स्टँड तयार झाल्यावर ताट लगेच ठेवू नये. तेवढ्याच वजनाचा, ताटाच्या आकाराचा लाकडी पाट किंवा स्टीलचे जुने ताट ठेवून रात्रभर पाहावे. मग २० सेंटिमीटर लांबीच्या फळीवर स्टँड ठेवून फळीचे एक टोक साडेतीन सेंटिमीटर उचलावे. हा १० अंशांचा कल होतो. चारही दिशांना ही परीक्षा पास झाली की स्टँड वापरायला हरकत नाही.

भांड्याला धोका कशाचा?

मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत उघडे लोखंड गंजते आणि गंजाचा डाग पितळेवर बसतो. जीआय तारेवरही पांढरी भुकटी येते. त्यामुळे तार जिथे भांड्याला टेकते तिथे आवरण हवे. हाताशी असलेली रबरी नळी चढवण्याचा मोह होतो, पण रबरात गंधक असते आणि त्याने तांबे, पितळ, चांदी काळी पडते. रबर फक्त पायाखाली ठेवावे. टेकण्याच्या जागी सुती नाडी गुंडाळावी किंवा माशांच्या टाकीच्या हवेच्या पंपाला लागणारी सिलिकॉनची नळी चढवावी. नाडी पावसाळ्यात ओल धरते, म्हणून ती बदलत राहावी.

घासण्याचाही विचार करावा. चिंच, लिंबू किंवा पावडरने दर सणाला जोरात घासले की कोरलेली अक्षरे झिजत जातात. मांडून ठेवलेले भांडे मऊ कोरड्या कापडाने पुसले तरी पुरे. घासण्याआधी अक्षरांचा तिरप्या उजेडात फोटो काढून ठेवावा.

जागा निवडताना कोणत्या चुका टाळाव्यात?

पाळणा, पलंग किंवा गॅसच्या वर असा स्टँड ठेवू नये. दीड किलोचे ताट डोक्यावर पडले तर इजा गंभीर होऊ शकते. फळीची खोली स्टँडपेक्षा किमान पाच सेंटिमीटर जास्त असावी. घरात लहान मूल किंवा मांजर असेल, तर ताटाच्या मागून पारदर्शक नायलॉनचा दोरा घेऊन तो फळीला बांधावा. परात दोन-तीन किलोंच्या पुढे गेली तर तारेची जाडी वाढवत बसण्यापेक्षा फॅब्रिकेटरकडून सळईचा स्टँड करून घेणे शहाणपणाचे.

असा एक स्टँड म्हणजे सुमारे ६० ग्रॅम तार, पंचवीस पट वजन पेलणारी. पूर्ण मांडणीची जागा तो घेऊ शकत नाही आणि घ्यायचीही नाही. सामान बांधताना सगळी भांडी नेता येत नाहीत, हे कोणत्याही घरात खरे आहे. मोडीवाल्याच्या काट्यावर जाण्याआधी प्रत्येक भांड्याचा काठ एकदा उजेडात फिरवून पाहावा. नाव सापडले तर ते एक भांडे बाजूला काढावे.