कावळ्याचं पान आणि पाच हजार डॉलर

गेल्या भाद्रपदात माझे सासरे दोन महिने आमच्याकडे होते. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात उभी हयात ज्वारी पिकवलेला माणूस बुकित तिमाहला नवव्या मजल्यावर कसा रमणार, ही धास्ती होतीच. पण अण्णा रमले. पहाटे उठून गॅलरीत उभे राहायचे. सात वाजेपर्यंत इथे उजाडत नाही, याचं त्यांना शेवटपर्यंत नवल वाटलं. अंधारात कोकीळ ओरडायला लागला की म्हणायचे, "हा बारा महिने ओरडतो, मग इथल्या आंब्यानं मोहरायचं कधी?"

त्यांच्या वडिलांची तिथी सप्तमीची. टेक्का मार्केटातून केळीचं पान आणलं. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, सगळं साग्रसंगीत केलं. पान वाढून झालं आणि अण्णा ते घेऊन लिफ्टकडे निघाले. खाली गाड्या लावतात तिथल्या मोठ्या झाडावर कावळे बसतात, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात हेरून ठेवलं होतं.

"अण्णा, इथे कावळ्याला घालता येत नाही. दंड होतो."

"किती?"

"पाच हजार डॉलरपर्यंत. दुसऱ्यांदा सापडलं तर दहा हजारांपर्यंत."

अण्णांनी मनातल्या मनात रुपये केले. तीन लाखांच्या वर आकडा गेला तसे पान हातात धरूनच सोफ्यावर बसले. "कावळ्यानं असं काय केलंय या लोकांचं, सूनबाई?"

त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही. नंतर वाचलं, चार जणांना विचारलं, तेव्हा कळलं की प्रश्न वाटतो तितका साधा नाही आणि त्याची सुरुवात शेतापासूनच होते.

आपला हा राखाडी मानेचा गावकावळा सिंगापूरचा मूळ रहिवासी नव्हे. एकोणिसावं शतक संपून विसावं सुरू होत होतं, त्या सुमारास मलायातल्या क्लांग भागात कॉफीच्या मळ्यांवर अळी पडली. ती खायला म्हणून सिलोनहून हे कावळे मुद्दाम आणून सोडले गेले. थोडक्यात, आपल्यातल्या कित्येकांसारखाच तोही कामासाठी इकडे आला. पुढे कॉफी गेली, रबर आलं, कावळा मात्र राहिला. १९४० च्या दशकात सिंगापुरात त्याची नोंद झाली. बंदर, बाजार, खाद्यगल्ल्या, उघडी कचराकुंडी असं सगळं आयतं मिळाल्यावर त्याला अळ्या शोधायची गरज उरली नाही. शतक संपेपर्यंत त्याची संख्या लाखाच्या वर गेल्याचा अंदाज होता. त्याच्या पाठोपाठ कोकीळही वाढला. पूर्वी तो इथे हिवाळी पाहुणा होता, पण अंडी घालायला कावळ्याची घरटी मिळाल्यावर कायमचा राहिला. अण्णांना पहाटे उठवणारा कोकीळ असा कावळ्याच्या जिवावर इथे नांदतो.

सरकारी दप्तरात कावळा 'उपद्रवी' ठरला. इथल्या जुन्या कायद्यात सहा पक्ष्यांना संरक्षणातून वगळलेलं होतं. त्यांत कावळा, कबूतर, आपली साळुंकी आणि तिची जावाहून आलेली बहीण होती. बरीच वर्षं बंदूक क्लबचे सभासद सरकारच्या वतीने कावळे मारत. २०२० मध्ये लोकांच्या सुरक्षिततेसाठी ती गोळीबारी थांबवण्यात आली. त्याच वर्षी १ जूनपासून १९६५ चा कायदा 'वाइल्डलाइफ ॲक्ट' या नव्या नावाने आणि नव्या कलमांसह लागू झाला. परवानगीशिवाय कुठल्याही वन्य प्राण्याला मुद्दाम खायला घालणं तेव्हापासून गुन्हा ठरलं. बुकित तिमाहच्या राखीव जंगलाजवळ माकडांना खाऊ देऊ नका अशा पाट्या आपण पाहतोच, त्याच तत्त्वात कावळाही बसला.

२००३ मध्ये सिंगापूरच्या विद्यापीठातले प्राध्यापक नवज्योत सोधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कावळा आणि दोन्ही साळुंक्या यांच्यावर एक शोधनिबंध लिहिला. त्याच्या शीर्षकाची सुरुवातच 'नको असलेले परके' अशा अर्थाची आहे. वर्क परमिटच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला ते शब्द जरा टोचतात. असो.

हे सगळं रात्री जेवताना अण्णांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाखरं पीक खातात हे मला सांगू नगंस. मी त्यांच्यासंगं साठ वर्षं भांडलोय."

मग त्यांनी जे सांगितलं ते आमच्या मुलांनी पहिल्यांदाच ऐकलं. ज्वारी हुरड्यात आली की रानात माळा उभा राहायचा. पहाटेपासून एकाने वर बसायचं, हातात गोफण आणि शेजारी खड्यांचा ढीग. पत्र्याचा डबा बडवायचा, घसा बसेपर्यंत हाकारे घालायचे. सगळ्यांत मोठं संकट भोरड्यांचं. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या त्या मैनांचे थवे ढगासारखे उतरतात आणि थोड्या वेळात कणसं रिकामी करतात. "पण गोफणीचा खडा पाखराला लागावा म्हणून नसतो," अण्णा म्हणाले. "ते उठावं म्हणून असतो. उठून दुसऱ्याच्या रानात गेलं की तो उठवतो. असं सगळ्यांनी उठवलं की कुणाचंच पुरतं जात न्हाई."

याच भोरड्यांची दुसरी बाजू मी त्यांना वाचून दाखवली. उन्हाळ्यात त्या मध्य आशियात पिल्लं वाढवतात आणि तिथे त्यांचं मुख्य खाणं म्हणजे टोळ. चीनच्या शिनज्यांग प्रांतात टोळ आटोक्यात राहावेत म्हणून त्यांच्यासाठी दगडविटांची घरटी बांधून दिली आहेत. आपल्याकडे चोर ठरलेलं पाखरू तिथे राखणदार आहे! अण्णा हसले. "म्हणजे तिकडं पगार घेतात आणि इकडं हुरडा खायला सुट्टीवर येतात."

त्याच चीनने १९५८ मध्ये उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या या चौघांविरुद्ध मोहीम काढली होती. चिमणी दाणे खाते एवढाच हिशेब धरलेला. खेड्यापाड्यांतून, शहरांतून लोक थाळ्या-ढोल बडवत राहिले आणि चिमण्यांना टेकू दिलं नाही, थकून पडेपर्यंत. पुढे किडी आणि टोळ वाढले. चिमण्यांची पोटं तपासलेल्या तिथल्या शास्त्रज्ञांनी त्या किडेही किती खातात हे दाखवून दिलं. १९६० मध्ये यादीतून चिमणी काढून तिच्या जागी ढेकूण घातला गेला. तोवर भीषण दुष्काळ सुरू झाला होता. त्याची कारणं अनेक होती, पण चिमण्यांचा संहार हेही त्यांतलं एक मानतात.

आपल्याकडचा नियम दुसऱ्या टोकाचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कावळा पाचव्या परिशिष्टात, म्हणजे उंदरांच्या पंगतीत होता आणि त्याला मारायला मुभा होती. २०२२ च्या दुरुस्तीत ते वेगळं परिशिष्टच गेलं. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पोपट, मोर यांना तर हातही लावायचा नाही. शेतकऱ्याचं त्यावर म्हणणं असतं की पाखरं वाचवा, पण त्यांच्या जेवणाचं बिल एकट्या माझ्या नावावर का? पिकाच्या भरपाईची चर्चा वर्षानुवर्षं रानडुक्कर, हरणं, नीलगाय यांच्याभोवती फिरत राहिली; पोपटाने टोचलेल्या डाळिंबाचा पंचनामा कोण करणार? म्हणून सांगोल्याकडचे बागाईतदार झाडांवर जाळी टाकतात, चकचकीत फिती बांधतात. त्याचा खर्च त्यांच्याच खिशातून. इथल्या लिम चू कांगलाही भाजीचे मळे जाळीच्या घरात असतात. पाखरू मरत नाही, पीकही जात नाही. फक्त जाळीला पैसे लागतात आणि ज्याच्याकडे ते नाहीत तो अजून डबा बडवतो.

मी अण्णांना विचारलं, "मग इथला नियम तुम्हाला पटतो का?"

ते जरा थांबले. "मारायचा पटत न्हाई. खायला न घालायचा पटतो. रानात नांगर फिरला की त्याच्या मागं कावळे, बगळे चालतात, हुमणी वेचून खातात. तो त्याचा घास, कष्टाचा. उघड्यावर सांडलेलं खाऊन जो माजतो, त्याचा दोष न्हाई, सांडणाऱ्याचा आहे."

सोधींच्या गटाचा निष्कर्षही याच्या जवळ जाणारा होता. माणूस जिथे खाणं उपलब्ध करून देतो तिथे हे पक्षी वाढतात, नुसत्या बंदुकीने भागत नाही. मुंबईतही २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, तेव्हा श्रद्धा आणि आरोग्य यांच्यात हाच वाद पेटला. आणि जावाची साळुंकी इथे उपद्रवी म्हणून गणली जाते, पण खुद्द जावात पिंजऱ्यांसाठी पकडून पकडून ती दुर्मिळ झाली आहे. उपद्रव हा पाखराच्या अंगचा गुण नसतो. ते कुठे आहे आणि आपण त्याच्यापुढे काय टाकलं आहे, यावर ते ठरतं.

आता पानाचं काय झालं ते सांगते, नाहीतर तुम्ही विचाराल. वडिलांना नैवेद्य दाखवायचा राहिला, या विचाराने अण्णा दुपारपर्यंत बोलत नव्हते. शेवटी नवऱ्याने गावी फोन लावला. काकांनी तिथे पान ठेवलेलंच होतं. त्यांनी व्हिडिओ सुरू करून फोन बांधाकडे वळवला. बाभळीवर दोन कावळे बसलेले, खाली पान. बराच वेळ काहीच हललं नाही. आम्ही सगळे श्वास धरून त्या लहानशा पडद्याकडे पाहत होतो. अण्णा पुटपुटले, "आबा, नातवाचं इथं बरं चाललंय. काळजी करू नका." थोड्या वेळाने एक कावळा उतरला, आणि अण्णांनी डोळे पुसले.

मग आमच्याकडचं पान त्यांनी उचललं आणि आमच्या मजल्यावर लाद्या पुसायला येणाऱ्या म्हाताऱ्या आजोबांना स्वतः नेऊन दिलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आजोबांनी खीर आधी खाल्ली.

तुमच्याकडे पितृपक्षात काय करता, जरूर कळवा. पुढच्या भाद्रपदात आम्हाला उपयोग होईल.