भुकेच्या अभ्यासाला आयुष्य देणारी माणसं

समोर खाणं ठेवलेलं आहे, तरी प्राणी तोंड लावत नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात डॉ. बाल कृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांना उंदरांमध्ये हे दिसलं आणि १९५१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या कडेचा ठरावीक बिंदू निकामी केला, की उंदीर खाणं सोडून देत आणि अन्न जवळ असतानाही उपाशी मरत. त्याआधी १९४० मध्ये हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी याच्या उलट गोष्ट दाखवली होती. त्याच भागाच्या मध्याजवळ इजा झाली, तर उंदीर लठ्ठ होत जातो. भूक पोटात लागते अशी आपली साधी समजूत. या दोन प्रयोगांनी भुकेचा पत्ता मेंदूत शोधायला सुरुवात केली.

आनंद भारतात परतले. दिल्लीच्या एम्समध्ये त्यांनी शरीरक्रियाशास्त्राचा विभाग उभा केला, १९६३ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला आणि १९६९ साली पद्मश्री. आज लठ्ठपणावरची औषधं जगभर गाजत आहेत. भूक मेंदूत शोधायच्या सुरुवातीच्या काळात एक भारतीय नाव ठळकपणे उभं आहे, हे आपल्या शाळा-कॉलेजांत आवर्जून सांगायला हवं.

प्राणी आणि माणूस केव्हा खातो, किती खातो, कुठे थांबतो, तहान कशी ओळखतो, हा आता स्वतंत्र अभ्यासविषय आहे. त्याची आंतरराष्ट्रीय संस्था म्हणजे 'सोसायटी फॉर द स्टडी ऑफ इंजेस्टिव्ह बिहेवियर'. मानसशास्त्रज्ञ, शरीरक्रियातज्ज्ञ, मेंदूचे अभ्यासक, आहारतज्ज्ञ असे सगळे तिथे एकत्र येतात. संस्थेच्या पुरस्कारांची रचनाच पाहण्यासारखी आहे. नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी वेगळा सन्मान आहे. एखाद्या नेमक्या शोधासाठी ॲलन एप्स्टाइन यांच्या नावाचा पुरस्कार आहे, कल्पक कामासाठी बार्टली होबेल यांच्या नावाचा. आणि संपूर्ण कारकिर्दीसाठी एक गौरव आहे.

ज्यांच्या नावे पुरस्कार आहेत, त्यांचं काम पाहिलं की या विषयाचा आवाका लक्षात येतो. प्रिन्स्टनच्या होबेल यांनी उंदरांना ठरावीक वेळी साखरेचं पाणी दिलं. रोज त्यावर तुटून पडणाऱ्या उंदरांच्या मेंदूत डोपामिन पुन्हा पुन्हा स्रवतं, हे त्यांच्या गटाने दाखवलं. गोडाची ओढ आणि व्यसन यांचं नातं काय, या चर्चेला त्यातून बळ मिळालं. पेनसिल्व्हेनियाच्या एप्स्टाइन यांनी तहानेचा माग काढला. अँजिओटेन्सिन हे संप्रेरक मेंदूत सोडलं, की पाण्याची गरज नसलेला उंदीरही पाणी पिऊ लागतो, हे १९७० साली त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिलं. पुढे ते मिठाच्या ओढीकडे वळले. अंगातलं मीठ घटलं, की एरवी नाकारलेलं खारट पाणी प्राणी आवडीने पितो. शरीर आपली उणीव कशी ओळखतं, हा प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षं सोडला नाही.

कारकिर्दीचा गौरव या विषयाला इतका शोभतो तो यामुळेच. इथे उत्तरं फार उशिरा येतात. जॅक्सन प्रयोगशाळेतल्या डग्लस कोलमन यांनी १९७०च्या सुमारास लठ्ठ आणि सडपातळ उंदरांचं रक्ताभिसरण एकमेकांना जोडून पाहिलं. पोट भरल्याची खूण रक्तातून वाहते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. ती खूण म्हणजे नेमकं कोणतं द्रव्य, हे त्यांच्या हाती आलं नाही. ते निवृत्त झाल्यावर, १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्या द्रव्याचं, म्हणजे लेप्टिनचं, जनुक शोधलं. दोघांना वैद्यकीय संशोधनाचा लास्कर पुरस्कार मिळाला तो २०१० मध्ये. भुकेला आवर घालणाऱ्या औषधांमागचं जीएलपी-१ हे संप्रेरक उलगडणाऱ्या आणि औषधापर्यंत नेणाऱ्या जोएल हॅबनर, लोट्टे ब्येरे क्नुडसेन आणि स्वेतलाना मोयसोव्ह यांचा लास्कर सन्मान २०२४ चा. त्यातल्या हॅबनर आणि मोयसोव्ह यांचं मूळ काम १९८०च्या दशकातलं. दरवर्षी शोधनिबंध मोजणाऱ्या व्यवस्थेत अशी माणसं सहज नजरेआड जातात.

विदर्भालाही या अभ्यासाची परंपरा आहे. डॉ. निशिकांत सुभेदार, डॉ. दादासाहेब कोकरे, डॉ. प्रफुल्ल सिंगरू यांनी नागपूर विद्यापीठात 'कार्ट' नावाच्या मेंदूतल्या पेप्टाइडवर केलेलं काम जगभरच्या नियतकालिकांत आलं. हे पेप्टाइड खाण्याला आवर घालतं. मागूर जातीच्या माशापासून उंदरापर्यंत त्याचा मेंदूतला ठावठिकाणा या अभ्यासकांनी शोधला. कळपातून काढून एकट्या ठेवलेल्या उंदराच्या खाण्यात याच यंत्रणेचा काय वाटा, यावरचा त्यांचा निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. पंगतीत वाढलेल्या समाजाला हा प्रश्न परका वाटायचं कारण नाही. १९८३ साली अमरावती विद्यापीठ वेगळं होईपर्यंत अमरावती-अकोल्याची महाविद्यालयं नागपूर विद्यापीठाचीच होती. ही परंपरा वऱ्हाडाचीही आहे.

आणि वऱ्हाडाच्या मातीत या विषयाचे प्रश्न जागोजागी पडले आहेत. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा घ्या. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, भातकुली या भागात विहिरीचं, बोअरचं पाणी खारं. ते पिकाला देववत नाही आणि घशाखाली उतरत नाही. म्हणून वान धरणावरून ८४ खेडी पाणीपुरवठा योजना करावी लागली. नळ चार दिवस आला नाही, तर गाव पुन्हा खाऱ्या पाण्याकडे वळतं. लहानपणापासून असं पाणी पिणाऱ्याची मिठाची चव कुठे स्थिरावते? त्याची तहान कोणत्या पातळीला जागी होते? एप्स्टाइन यांनी प्रयोगशाळेत विचारलेले प्रश्न इथे घराघरांत विचारता येतील, आणि मूत्रपिंडाच्या आजारांची भीती बाळगून जगणाऱ्या गावांना त्यांच्या उत्तरांची गरज आहे.

उत्तरेला मेळघाट आहे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या कुपोषणाबद्दल आपण बहुधा धान्याच्या आणि पैशाच्या भाषेत बोलतो. ते बरोबरच आहे, पण पुरेसं नाही. तीव्र कुपोषित मुलाची भूकच मरते. म्हणून उपचार ठरवताना भुकेची चाचणी घेतात. मुलाला उपचाराचा पौष्टिक आहार थोडासा देऊन पाहतात. मुलाने तो खाल्ला आणि दुसरी गुंतागुंत नसेल, तर गावातच उपचार होऊ शकतात. तोंड फिरवलं, तर दवाखान्यात दाखल करायचं. त्या घासावर मुलाची वाट ठरते. एवढी मोलाची भूक मरते कशी आणि परत येते कशी, हे समजून घेणं म्हणजे जीव वाचवणं आहे. बैरागडला वर्षानुवर्षं राहून रुग्णसेवा करणारे आणि कुपोषणाशी लढताना शेतीतही उतरलेले डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा अशा चिकाटीला देशाने मान दिला. अभ्यासकाच्या चिकाटीलाही तसाच मान मिळायला हवा.

अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे डॉ. पंजाबराव देशमुख देशाचे कृषिमंत्री झाले. त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ अकोल्याला १९६९ पासून आहे. राज्य सरकार त्यांच्याच नावाने कृषिरत्न पुरस्कार देतं. पिकवणाऱ्या हातांचा गौरव झाला, तो योग्यच झाला. आता पिकवलेलं अन्न माणूस कसं खातो, का टाळतो, केव्हा पुरे म्हणतो, याचा वीस-पंचवीस वर्षं अभ्यास करणाऱ्यांसाठी वऱ्हाडाने एक कारकीर्द-गौरव सुरू करावा. त्यात मेंदूचा शास्त्रज्ञ असावा, तशी गृहविज्ञानाची प्राध्यापिकाही असावी आणि मेळघाटात मुलांच्या वजनांच्या नोंदी नेमाने तपासणारा डॉक्टरही. दरवर्षी २७ डिसेंबरला, पंजाबरावांच्या जयंतीला, तो अकोल्यात द्यावा आणि मानकऱ्याने आपलं काम मराठीत, गावकऱ्यांना कळेल असं सांगावं. रक्कम मोठी नसली तरी चालेल. आपल्या भागातल्या भुकेचा आणि तहानेचा अभ्यास आयुष्यभर करण्याजोगा आहे, एवढं तरुण विद्यार्थ्याला त्यातून कळलं, तरी पुढची पिढी या कामाला लागेल.