हृदयाचा स्नायू पुन्हा वाढेल का?

हार्ट अटॅकमध्ये रक्तपुरवठा तुटलेल्या भागातील स्नायुपेशी मरतात. त्यांच्या जागी चिवट तंतूंचा व्रण तयार होतो. हा व्रण हृदयाची भिंत फुटू देत नाही. पण तो आकुंचन पावत नाही. त्यामुळे उरलेल्या स्नायूवर ताण येतो आणि काही रुग्णांचे हृदय हळूहळू दुबळे होत जाते.

झेब्राफिश या छोट्या माशाचे तसे नसते. त्याच्या हृदयाच्या खालच्या कप्प्याचा सुमारे २० टक्के भाग कापला, तरी तो दोन महिन्यांत भरून येतो, असे २००२ मध्ये आढळले. २०११ मध्ये अमेरिकेतील डॅलसच्या संशोधकांना एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लातही ही क्षमता दिसली. सात दिवसांच्या पिल्लात मात्र ती उरली नव्हती.

मग ती पुन्हा जागवता येईल? डुकराचे हृदय माणसाच्या हृदयाशी बरेच मिळतेजुळते. २०१९ मध्ये मॉरो जाक्का यांच्या गटाने हार्ट अटॅक घडवलेल्या डुकरांच्या हृदयात पेशींना विभाजनाला लावणारा एक मायक्रो-आरएनए पोहोचवला. महिन्याभरात व्रण लहान झाला, आकुंचन सुधारले. पण त्या मायक्रो-आरएनएचे काम थांबवता आले नाही. पुढे हृदयाचे ठोके बिघडून बहुतेक डुकरे अचानक दगावली.

पेशींची वाढ वेळेवर थांबवता आल्याशिवाय हा उपचार माणसावर करणे धोक्याचे आहे. तोवर स्नायू वाचवणे हाच मार्ग. म्हणून छातीत दुखू लागल्यास ‘गॅस असेल’ म्हणून वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.